दोन आठवड्यांची करुणा

गणपतीच्या दिवसांत बदलापूरला राहणारे एक तरुण दांपत्य आमच्याकडे आले होते. पती आमचा जुना विद्यार्थी. पत्नी मुंबईच्या एका बँकेत अधिकारी. मुलगी चौदा वर्षांची, मुलगा दहा. येत्या दिवाळीच्या सुट्टीत चौघांनी नेपाळला जायचे त्यांनी योजले होते. सहलीसाठी मात्र नव्हे. तेथील एका अनाथालयात दोन आठवडे राहायचे, मुलांना थोडे इंग्रजी शिकवायचे, भिंती रंगवायच्या, खेळ घ्यायचे, असा बेत होता. अशा सेवायात्रा जुळवून देणाऱ्या एका कंपनीशी बोलणेही झाले होते. प्रवास, निवास आणि कंपनीचे शुल्क धरून चौघांचा खर्च तीन लाख साठ हजार रुपये होता. "सर, आमची मुले सगळे मिळूनच वाढली. जगात दुःख आहे हे त्यांना कळावे, आणि आपल्या हातून कोणाचे भले व्हावे, एवढीच इच्छा आहे. तुम्हाला काय वाटते?" असा त्याचा प्रश्न होता.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. याच पैशात हे कुटुंब दुबईचे बाजार पाहून आले असते, आणि त्याबद्दल त्यांना कोणी जाब विचारला नसता. सुखवस्तू मध्यमवर्गाच्या मनात दुसऱ्याच्या मुलाविषयी काही हलते, ही गोष्ट समाजवादी कार्यकर्त्याने मोलाचीच मानली पाहिजे. म्हणून आम्ही त्या दोघांना लगेच उत्तर दिले नाही. विचार करून सांगतो, म्हणालो. जो विचार झाला तो त्या एका कुटुंबापुरता राहिला नाही. म्हणून तो येथे मांडत आहोत.

परदेशी जाऊन सेवा करणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली पिएर सेरेसोल या स्विस शांतिवाद्याने फ्रान्समधील एक उद्ध्वस्त खेडे पुन्हा उभे करण्यासाठी निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक जमवले. त्यांत कालपर्यंत शत्रू असलेले जर्मनही होते. हेच सेरेसोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये आले आणि खेड्यांच्या पुनर्वसनासाठी येथे राबले. आपल्याकडूनही माणसे गेली. चिनी सेनानी चू ते यांनी केलेल्या विनंतीवरून जवाहरलाल नेहरूंच्या पुढाकाराने काँग्रेसने सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक चीनला धाडले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. पथकातील सहकारी यथाकाल परतले, कोटणीस राहिले. ते चिनी भाषा शिकले, तेथेच विवाहबद्ध झाले, रणभूमीच्या मागे अहोरात्र शस्त्रक्रिया करीत राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले.

या दोन्ही उदाहरणांत तीन गोष्टी समान आहेत. जेथे ही माणसे गेली, तेथे त्यांच्या कामाची खरी गरज होती. कोटणिसांकडे शल्यचिकित्सेचे कौशल्य होते आणि सेरेसोलच्या स्वयंसेवकांकडे श्रम करण्याची तयारी होती. म्हणजे प्रत्येकाजवळ देण्यासारखे काही होते. आणि काम संपेपर्यंत थांबण्याची त्यांची सिद्धता होती. गरज, कौशल्य आणि काळ या तीन कसोट्या डोळ्यांपुढे ठेवून आपण आजच्या सेवायात्रांकडे पाहू.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवले जाते की मागणी असेल तेथे पुरवठा निर्माण होतो. हा नियम बटाट्याला लागू पडतो, तसा दुर्दैवाने अनाथ मुलालाही लागू पडतो. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथालयांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. या काळात तेथे एवढे अनाथ निर्माण करील असे युद्धही झाले नाही आणि साथही आली नाही. वाढले होते ते परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या. या संस्थांतील मुलांची पाहणी झाली तेव्हा दर चार मुलांपैकी सुमारे तिघांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी, हयात असल्याचे आढळले. नेपाळची कथा निराळी नाही. तेथील बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांना पालक आहेत. शिवाय ही बालगृहे सर्वांत दरिद्री डोंगराळ जिल्ह्यांत नसून काठमांडूचे खोरे, पोखरा, चितवन अशा, पर्यटकांची वर्दळ असलेल्या मोजक्या भागांत दाटलेली आहेत. दुर्गम खेड्यातील गरीब आईबापांना चांगल्या शाळेचे आमिष दाखवून मूल शहरात आणायचे, कागदोपत्री त्याला अनाथ करायचे आणि पाहुण्यांपुढे उभे करायचे, असा हा व्यवहार आहे. २०१५ च्या भूकंपानंतर तेथील शासनाला मुलांच्या जिल्ह्याबाहेरील वाहतुकीवरच निर्बंध घालावे लागले.

या धंद्यात मूल हाच कच्चा माल असतो, आणि ते मूल गरीब दिसणे हे मालकाच्या हिताचे असते; कारण पोट भरलेल्या, शाळेत रमलेल्या मुलाला पाहून कोणाचा हात खिशाकडे जात नाही. याहून क्रूर अशी प्रेरणा अर्थव्यवस्थेत क्वचितच सापडेल. जगाला हे उशिरा का होईना कळू लागले आहे. ऑस्ट्रेलियात आधुनिक गुलामगिरीविषयीचा कायदा २०१८ साली झाला, तेव्हा अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराचीही तेथे गंभीर चर्चा झाली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ मधील बालहक्कविषयक ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवी पर्यटनाच्या धोक्याची नोंद घेतली.

जी संस्था सचोटीने चालते, तिच्या बाबतीतही प्रश्न उरतोच. आईबापांपासून तुटलेले मूल नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बिलगते. पाहुण्याला ते प्रेम वाटते. वस्तुतः ती त्या मुलाची जखम असते. चौदाव्या दिवशी पाहुणा डोळे पुसत विमानात बसतो आणि पंधराव्या दिवशी दुसरा येतो. वर्षातून वीस-पंचवीस वेळा जवळ घेतले जाणे आणि तितक्याच वेळा सोडून दिले जाणे, हे शिक्षण त्या मुलाला मिळते. इंग्रजी मुळाक्षरे मात्र प्रत्येक पाहुणा पहिल्या अक्षरापासून सुरू करतो.

आणखी एक गोष्ट बदलापूरकरांना तरी वेगळी सांगावी लागू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये या शहरातील एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीला आले आणि २० ऑगस्टला हजारो नागरिकांनी रेल्वेमार्गावर उतरून कित्येक तास गाड्या रोखून धरल्या. लहान मुलांच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येक माणसाची आधी चौकशी झालीच पाहिजे, अशी मागणी त्या दिवसांत घराघरांतून झाली, आणि ती रास्तच होती. जी चौकशी आपण आपल्या शाळेच्या शिपायाबाबत, सफाई कामगाराबाबत मागतो, ती नेपाळमधल्या मुलांच्या शयनगृहात पैसे भरून शिरणाऱ्या अपरिचित पाहुण्याबाबत का नको? आमचा विद्यार्थी सज्जन आहे हे आम्ही जाणतो. ते त्या मुलांनी कशावरून जाणावे? ज्या दारातून सज्जन विनाचौकशी आत जातो, त्याच दारातून दुर्जनही जातो.

मग मदत कशी असावी? याचे उत्तर शोधायला फार लांब जाण्याची गरज नाही. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. रशियातील हद्दपारीतून सुटून आलेल्या या मुलांना तेथे त्यांच्याच भाषेच्या शाळा मिळाल्या, त्यांचेच शिक्षक मिळाले, त्यांचे सण मिळाले. ज्यांना आई होती ती आईजवळ राहिली. ही मुले कोणाला दाखवण्यासाठी ठेवलेली नव्हती. म्हणूनच त्यांच्यातील कितीतरी जण म्हातारपणी कोल्हापूरला आपले बालपणाचे गाव म्हणून पुन्हा पाहायला आले.

उल्हासनगरची कथा तर आपल्या अंगणातली. महायुद्धकाळात कल्याणजवळ लष्करासाठी उभारलेल्या छावण्यांत फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तेथे पत्ता सांगताना माणूस कॅम्पचा आकडा सांगतो. त्या बराकींत हजारो मुले होती आणि सर्वस्व गमावलेली होती. तरीही ते अनाथांचे शहर झाले नाही. कारण कुटुंबे एकत्र राहिली, डोक्यावर छप्पर आणि हाताला उद्योग मिळाला, आणि समाजाने स्वतःच्या शाळा, पुढे स्वतःची महाविद्यालये काढली. शासनाची मदत अपुरी होती, विलंबाने आली, तिच्याविषयी तक्रारीही पुष्कळ होत्या. पण ती हक्काची मदत होती. ती घेताना कोणाला छायाचित्रासाठी उभे राहावे लागले नाही. निर्वासित म्हणवून घेणे ज्यांना कमीपणाचे वाटे, त्यांनी स्वतःला पुरुषार्थी म्हणवले, ते या बळावर.

आता त्याच उल्हास नदीच्या काठाने थोडे पुढे जाऊ. दिवाळी झाली की अंबरनाथ, बदलापूर, कल्याण, भिवंडी या पट्ट्यातील वीटभट्ट्यांवर आदिवासी कुटुंबे उतरू लागतात. त्यांत कातकरी मोठ्या संख्येने असतात. पावसाळ्यात घरातले धान्य संपलेले असते, तेव्हा मालकाच्या माणसाकडून बयाणा घेतलेला असतो. तो फेडण्यासाठी मृगाच्या तोंडापर्यंत राबायचे. मजुरी हजार विटांवर ठरते. मजुरी नगावर असली की कामाचे माप माणूस राहत नाही, कुटुंब होते. बाप चिखल तुडवतो, आई विटा पाडते आणि आठ वर्षांची मुलगी वाळणाऱ्या विटा उलट्या करते. तिच्या काखेत धाकटे भावंड असते. हजेरीपटावर नाव असलेच तर बापाचे. मुलगी कोणाच्याच चाकरीत नसते; त्यामुळे कायद्याला ती दिसत नाही.

उल्हासनगरच्या जीन्सच्या धंद्यातही हाच हिशेब आहे. शिवलेल्या पँटींचे धागे कापण्याचे काम गठ्ठ्यांनी घरी जाते. नगाला मिळणारा दर इतका कमी असतो की एकट्या बाईच्या हाताने चूल पेटत नाही, आणि शाळेतून आलेले मूल दप्तर ठेवून कात्री हातात घेते. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. तिने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी केली, पण शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या कामात मदत करण्याची सवलत ठेवली. या सवलतीतून किती गठ्ठे आत येतात, हे त्या वस्त्यांतून संध्याकाळी फिरणाऱ्याला दिसेल. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आहे, २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा आहे. तरी २०२२ साली इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले मेंढपाळांकडे राबायला दिल्याचे उघडकीस आले, तेव्हा बदल्यात त्यांच्या आईबापांच्या हाती पडली होती थोडी रक्कम आणि एखादी मेंढी.

येथे कोणी म्हणेल की सर, तुम्ही परदेशाऐवजी शेजारचे दुःख दाखवलेत, एवढाच काय तो फरक. तसे नाही. नेपाळऐवजी बदलापूरची वीटभट्टी निवडून तेथेही दोन आठवडेच घालवायचे असतील, तर दोष तोच राहतो. आपल्याकडील बालगृहांत मुलाच्या वाढदिवसाचा केक घेऊन जाणारी, खाऊ वाटताना छायाचित्रे काढणारी आणि पुन्हा वर्षभर न फिरकणारी कुटुंबे काय कमी आहेत? अंतर हा मुद्दाच नाही. आपण त्या मुलाला दात्याच्या समाधानाचे साधन मानतो, की ज्याचा समाजावर हक्क आहे असा नागरिक मानतो, हा मुद्दा आहे. आणि नागरिक मानले की पहिला प्रश्न मुलाविषयी निघत नाही. त्याच्या आईच्या मजुरीविषयी निघतो.

थोडा हिशेब मांडू. ज्या मुलाचे आईवडील दोघे किंवा एक गेले आहेत, अथवा जे घर दुर्धर संकटात आहे, अशा मुलाला संस्थेत न टाकता कुटुंबातच वाढवता यावे यासाठी महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे. तिच्यातून २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये देण्याचे ठरले. आमच्या विद्यार्थ्याच्या सेवायात्रेच्या तीन लाख साठ हजारांना या रकमेने भागले तर १६० महिने येतात. म्हणजे एका मुलाची तेरा वर्षे चार महिने. पाच वर्षांचे मूल सज्ञान होईपर्यंतचा काळ. त्याने पैसे येथे द्यावेत, एवढे सांगण्यासाठी हा हिशेब नाही. मूल घरात ठेवायला लागणारी रक्कम किती लहान आहे, आणि तेवढीही वेळेवर पोहोचत नाही म्हणून किती मुले घराबाहेर पडतात, हे त्यातून कळावे. कित्येक विधवांना ही योजना ठाऊक नसते. ठाऊक असली तर कागद जमत नाहीत. कागद जमले तर पैसे महिनोन्महिने रखडतात. अर्ज भरून देणारा, त्याचा पाठपुरावा करणारा माणूस हवा असतो. या कामात छायाचित्र निघण्यासारखे काही नाही. त्यात रांगा आहेत, शिक्के आहेत आणि पुन्हा घातलेले हेलपाटे आहेत.

हे सारे त्या कुटुंबाला ऐकवण्यापूर्वी आपण स्वतःला ऐकवले पाहिजे. या पट्ट्यात आपल्या चळवळीने अंबरनाथच्या कारखान्यांच्या दारांवर सभा घेतल्या, पगारवाढीचे आणि बोनसचे लढे दिले. ते योग्यच होते. पण ज्याचे नाव हजेरीपटावर त्याचाच लढा, अशी सवय आपल्याला जडली. भट्टीवरच्या मुलीचे नाव कोठल्याच पटावर नव्हते, ना कारखान्याच्या, ना शाळेच्या, ना आपल्या. प्रस्तुत लेखकाने तीस वर्षांहून अधिक काळ राष्ट्रीय उत्पन्न आणि वेतनाचे सिद्धांत शिकवले. महाविद्यालयाच्या वाटेवर गाडीच्या खिडकीतून भट्ट्यांचा धूर रोज दिसे. उतरून एकदाही चौकशी केली नाही. मुलांचा प्रश्न आपण दयाळू संस्थांवर सोपवला आणि दया हा बूर्झ्वा विचार म्हणून वर नाकही मुरडले. मग जी जागा आपण मोकळी सोडली, तेथे सेवायात्रांच्या कंपन्या आल्या तर नवल ते काय?

असे काम होऊ शकते याचा पुरावाही तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच आहे. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. विधायक संसदेने १९९० च्या दशकात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. मजुरांचा जसा विटांचा भोंगा, तशीच तेथली शाळा. आता स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शासनाचे शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवले की नव्या गावच्या शाळेने मुलाला सामावून घेतले पाहिजे. कार्ड आहे, शाळा आहे, कायदा आहे. भट्टीपासून शाळेपर्यंतचे दोन किलोमीटर मात्र मुलाने कोणाचा हात धरून जायचे, हे कोठेच लिहिलेले नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील साथींनी आपापल्या हद्दीतील भट्ट्यांची आणि धागे कापणाऱ्या वस्त्यांची यादी करावी. प्रत्येक मुलाचे वय, मूळ गाव आणि शाळा लिहून घ्यावी. जवळच्या शाळेत आणि अंगणवाडीत नावे दाखल करून घ्यावीत. जेथे विधवा किंवा एकटी आई असेल तेथे बालसंगोपनाचा अर्ज भरावा. आणि त्याच वहीच्या दुसऱ्या बाजूला हजार विटांचा दर, बयाण्याची रक्कम आणि गठ्ठ्याचा भाव लिहावा. कारण हे आकडे बदलल्याशिवाय पहिल्या बाजूची नावे शाळेत टिकणार नाहीत. सेवा आणि संघर्ष ही दोन कामे आपण वेगळी मानीत आलो. ती एकाच वहीची दोन पाने आहेत.

आमच्या विद्यार्थ्याला आम्ही हे सांगितले. नेपाळला जरूर जा, म्हटले. डोंगर पाहा, तेथल्या माणसांच्या खानावळीत जेवा, त्यांना योग्य दाम द्या. अनाथालयाच्या दारात मात्र जाऊ नका. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याची मुलगी म्हणाली, "भट्टी आमच्या घरापासून जवळच आहे. पण तिथे किती दिवस जावे लागेल?" आम्ही म्हणालो, मृग लागेपर्यंत, दर रविवारी. तिने बापाकडे पाहिले. त्याने अजून उत्तर दिलेले नाही, आणि त्याच्यावर घाई करण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण तोच प्रश्न पक्षाच्या प्रत्येक शाखेपुढेही आहे, आणि तेथे उत्तराला विलंब लावण्याचा अधिकार कोणालाच नाही. दिवाळी तोंडावर आली आहे. बयाणे वाटून झाले आहेत.